शवासनात घोरणाऱ्या काकू आणि पर्समधला राजीनामा

वाचकाचा प्रश्न

शहापूर भागातल्या एका बाईंचं सहा पानी पत्र आलंय. नाव आणि गल्ली देत नाही. वय 43. बेळगावातल्या एका पतसंस्थेत सतरा वर्षं काउंटरवर, पगार साडेसोळा हजार. कंबरदुखीमुळं पाच वर्षांपूर्वी घराजवळच्या सकाळच्या योगवर्गाला जायला लागल्या. वर्ग घेणारे सर कन्नड भाषक, निवृत्त शिक्षक, एक पैसा घेत नाहीत. गेल्या श्रावणात सर मुलाकडं बेंगळूरला गेले आणि दोन शनिवार वर्ग ह्यांच्यावर सोपवला. त्या लिहितात, "शवासनात चौदा जणी शांत पडल्या होत्या. एक काकू तर घोरायला लागल्या. मला रडूच आलं. सतरा वर्षं मी काउंटरवर बोलतेय, पण आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं असं वाटलं."

तेव्हापासून योगशिक्षिका व्हायचं डोक्यात आहे. परराज्यातला अठ्ठावीस दिवसांचा निवासी कोर्स बघून ठेवलाय. फी पंचाहत्तर हजार, शेवटी 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट'. एवढी रजा मिळणार नाही म्हणून राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. मुलगी पी.यू.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. नवरा म्हणतो, "आधी घरातल्यांची अंगं वाकव, मग गावाची." शंका तीन: एक, अंग ताठ, चक्रासन अजून जमत नाही. दोन, कन्नड काउंटरपुरतंच येतं. तीन, योगाचे पैसे घेणं म्हणजे विद्या विकणं नाही का? आणि मुख्य प्रश्न: "समाधान जिथं आहे तिथं जावं म्हणतात. मग मी ह्या काउंटरवर काय करतेय?"

ताजा कलम असा: "वर्गातल्या एका काकूंनी माझ्या सांगण्यावरून प्राणायाम सुरू केला. आता त्यांनी बीपीची गोळी अर्धी केलीय. ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?"

उत्तर

ताई,

तुमच्या पत्राला मी शेवटाकडून उत्तर देतेय. राजीनामा, कोर्स, समाधान हे सगळं चार दिवस थांबेल. गोळी अर्धी केलेल्या काकू थांबायच्या नाहीत. हे वाचून झालं की त्यांच्या घरी जा आणि त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जा. वाढलेला रक्तदाब माणसाला बहुतेक वेळा कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, उलट सकाळच्या प्राणायामानं अंग हलकं वाटत असतं, आणि यंत्र लावलं तर आकडा 170 निघतो. गोळी आपल्या मनानं कमी करणाऱ्याला 'बरं वाटतंय' एवढाच पुरावा असतो, आणि ह्या आजारात तोच पुरावा कुचकामी. पुढं पक्षाघात झाला तर काकूंच्या घरचे तुमच्या दारात येतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

योगाची रक्तदाबाला मदत होते, हे डॉक्टरही मानतात. पण गोळी कमी करायची का, किती करायची, हे मोजलेले आकडे समोर ठेवून डॉक्टरनं ठरवायचं. तुम्ही त्यांना नेमका कुठला प्राणायाम सांगितला हे पत्रात नाही. सावकाश अनुलोम-विलोम असेल, भ्रामरी असेल, तर चालेल. जोरजोरात कपालभाती किंवा भस्त्रिका असेल, श्वास कोंडून धरणं असेल, तर ते आजच थांबवा. चढत्या रक्तदाबाच्या माणसाला ते द्यायचं नसतं. हृदयरोग, हर्निया आणि गरोदरपण ह्यांतही नाही. शीर्षासन, सर्वांगासन रक्तदाबवाल्यांना नाही, काचबिंदू असलेल्यांनाही नाही. मणक्याची चकती सरकलेल्या बाईला पश्चिमोत्तानासनात ओढायचं नाही.

मी जरा कडक बोलतेय खरी. ही गोष्ट चूक म्हणून नाही, प्रशस्तिपत्र म्हणून तुम्ही लिहिलीत, त्यानं मला काळजी लागली. आपल्यामुळं कुणी बरं झालं, ही चव एकदा जिभेला लागली की सुटत नाही. मी हायस्कुलात तीस वर्षं शिकवलंय. नापासाचा पास झालेला मुलगा पेढे घेऊन आला की आपणच देव असल्यासारखं वाटायचं. त्याच्या आईनं पहाटे उठून त्याला चहा दिला होता, हे मला कधी आठवायचं नाही.

आता घोरणाऱ्या काकू.

'आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं.' पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते खोटं नाही. पण आपलं कुणी ऐकावं ही भूक वेगळी आणि शिकवायची ओढ वेगळी. दोन्ही एकाच घरात राहतात, त्यामुळं दार कुणी उघडलं ते पटकन कळत नाही. त्या शनिवारी चौदा जणी शांत पडल्या, कारण शवासनात कसं पडायचं हे सरांनी त्यांना पाच वर्षं शिकवलं होतं. तुम्ही तापलेल्या तव्यावर भाकरी टाकलीत. भाकरी छान फुगली, ती तुमच्याच हातची, ह्यात वाद नाही. पण चूल सरांनी पेटवली होती.

तुमचा स्वतःचा वर्ग असा असेल: जुलैतला सोमवार, चार दिवस झड लागलेली, सूर्य उगवलाय की नाही कळत नाही. बारा जणींनी नावं दिली होती, आल्यात चार. त्यातली एक ताडासनातच शेजारणीला गॅसच्या नंबराचं सांगतेय. दुसरीचा फोन वाजतो, तो नवऱ्याचा, किल्ली कुठं ठेवलीस म्हणून. वीस मिनिटांनी कुणीतरी जिन्यातून ओरडतं, "पाणी सुटलंय गं!" आणि दोघी चटया तिथंच टाकून पळतात. बेळगावात आठवड्याचं पाणी आणि सहाचा वर्ग ह्यांची गाठ पडली तर पाणीच जिंकणार, आणि ते बरोबरही आहे. उरलेल्या दोघींना तुम्ही तितक्याच मनापासून शिकवाल का? त्यांतली एक पासष्टची आणि तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. तिच्यासाठी सगळा वर्ग बदलाल का? इथं 'होय' असेल, तर ती ओढ शिकवायची. घरी येताना 'फुकट गेला आजचा दिवस' असं वाटत असेल तर ती दुसरी भूक. तिचा इलाजही दुसरीकडं शोधावा लागेल, नवऱ्याशी बोलण्यापासून सुरुवात करून.

आणि काउंटरचं जरा ऐका. सतरा वर्षं तिथं तुमचं कुणी ऐकलं नाही, असं तुम्ही लिहिता. तुम्ही ऐकलं असेलच की. वडगावच्या मागवाल्या विणकराला हप्ता भरताना काय अडतंय, कुठल्या आजीला सही करताना लाज वाटते, कोण पासबुक भरायच्या निमित्तानं नुसतं बोलायला येतं, हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळत असणार. योगशिक्षिकेचं निम्मं काम हेच. बाई 'काही नाही हो' म्हणते आणि तिची भुवई सांगते की गुडघ्यात कळ आलीय. हे बघायला कुठला कोर्स शिकवत नाही. काउंटरवर तुम्ही काय करताय ह्याचं माझ्याकडं निम्मं उत्तर हे आहे. उरलेलं निम्मं पगाराचं, त्याकडं मग येते.

ताठ अंगाची तुमची शंका मला सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते, तरी तिच्यावरच जास्त लिहिणार आहे, कारण ह्या सदराकडं येणाऱ्या दर तिसऱ्या बाईची तीच असते. योगशिक्षिका म्हणजे रबरासारखी वाकणारी सडपातळ मुलगी, हे चित्र फोनवरच्या व्हिडिओंनी आपल्या डोक्यात बसवलंय. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत संपवली, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर आणि सुखाचं. डोकं पायाला लागलं पाहिजे असं त्यात नाही. योगसूत्रं दोनशेच्या आत-बाहेर, त्यातली थेट आसनावरची तीन.

ताठ अंगाचा फायदा सांगते. जी लहानपणापासून लवचीक असते तिला आसन कुठं अडतं हेच ठाऊक नसतं. 'वाका की!' एवढंच ती म्हणू शकते. तुम्ही पाच वर्षं बोटाबोटानं पुढं सरकलात. मांडीमागची शीर कुठं ओढते, कंबर वाकवायच्या ऐवजी आपण पाठ कशी गोल करतो, गुडघ्याखाली घडीचं कांबळं ठेवलं की वज्रासन कसं एकदम सुसह्य होतं, हा सगळा रस्ता तुम्ही पायी चाललाय. तुमच्याकडं येणार आहेत त्या बायकाही ताठ अंगाच्याच. चक्रासन न येणं ही उणीव मी मानत नाही. तुम्हाला न येणारं आसन तुम्ही शिकवायला गेलात, तर मात्र मानेन.

मला एका वर्गात असाच अनुभव आला. कुठला वर्ग ते सांगत नाही. शिकवणारा पंचविशीतला, अंग वेतासारखं. मी हलासनात अर्ध्यावर थांबले होते, त्यानं मागून येऊन पाय खाली दाबले, 'होतंय, होतंय' म्हणत. पुढचे तीन आठवडे मला रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवून गाडी बघावी लागायची. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: हात लावण्याआधी विचारा, आणि दाबू तर कधीच नका.

आता एक जुनी हकिकत, आपल्या गावाशी जोडलेली. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार हे नाव तुम्हाला माहीत आहेच. मूळचे कोलारकडच्या बेळ्ळूरचे, जन्म 1918 चा. लहानपण सगळं आजारपणात गेलेलं, अंग ताठ आणि अशक्त. गुरू टी. कृष्णमाचार्य हे त्यांच्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबरोबर उत्तर कर्नाटकात आसनांची प्रात्यक्षिकं दाखवत ते फिरत असताना बेळगावात डॉ. व्ही. बी. गोखले ह्या सर्जनांनी त्यांना पाहिलं. पुढं निवृत्त होऊन गोखले पुण्याला गेले आणि त्यांच्या खटपटीनं 1937 साली अय्यंगारांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला बोलावणं आलं. सहा महिन्यांसाठी. वय अठरा, शिष्य वयानं आणि शिक्षणानं मोठे, अंगानंही त्यांच्याहून तयार. आणि अय्यंगारांना मराठी येत नव्हतं. त्या सहा महिन्यांचं पुढं सगळं आयुष्य झालं. 2014 साली ते गेले तेही पुण्यातच.

मला ह्यातला रस त्यांच्या मोठेपणात नाही. कर्नाटकातला एक मुलगा मराठी न येता पुण्यात उभा राहिला आणि शिष्यांना जमतं ते आपल्याला जमत नाही म्हणून खोलीत तासन् तास घासत बसला. त्यातूनच पुढं उशा, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या आल्या, ज्यांच्या आधारानं आज ताठ अंगाची माणसंसुद्धा आसन करतात. तुमच्या दोन्ही शंका, अंगाची आणि भाषेची, त्यांच्याकडं एकदम होत्या.

भाषेचं मग काय करायचं? बेळगावात राहून 'माझं कन्नड काउंटरपुरतं' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आपल्या भागात भाषा म्हटली की लगेच फलक, मोर्चे आणि 1 नोव्हेंबर, कर्नाटकचा राज्य स्थापना दिवस, डोळ्यांसमोर येतो. त्यावर प्रत्येकाचं मत असतं, तुमचंही असेल, ते असू दे. पण चटईवर पडलेल्या बाईला मत नको असतं, श्वास कधी घ्यायचा ते कळायला हवं असतं. आसनांची नावं संस्कृत, दोन्हीकडं तीच. उरतात पंचवीस-तीस शब्द. उसिरु म्हणजे श्वास. 'तगोरि' घ्या, 'बिडरि' सोडा. बेन्नु पाठ, सोंट कंबर, मोणकाल गुडघा, कुत्तिगे मान. साकु म्हणजे पुरे, आणि हा शब्द तर शिक्षिकेला सगळ्यात आधी यावा. आमच्या उत्तर कर्नाटकच्या कन्नडमध्ये 'हळूहळू' साठी लोक सर्रास 'सावकाश' म्हणतात, म्हणजे तुमचा मुख्य शब्द तुम्हाला आयताच मिळालाय. एका वहीत हे शब्द लिहा आणि तुमच्या सरांसमोर म्हणून दाखवा. ते हसतील, उच्चार दुरुस्त करतील. पाच वर्षं तुम्ही त्यांचं कन्नड मराठी कानानं ऐकत शिकलातच की. तुमचं मोडकं कन्नड ऐकून एखादी बसवनगौडांच्या घरची सून गालात हसेल, पण वर्ग सोडायची नाही. वर्ग सुटतो तो गुडघा दुखावल्यावर.

आता पंचाहत्तर हजार.

त्या कोर्सचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही, आणि तो वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. पण 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. हे जे दोनशे तासांच्या कोर्सचं गणित सगळीकडं दिसतं ते मुख्यतः अमेरिकेतल्या योगा अलायन्स ह्या संस्थेच्या नोंदणीवरून आलंय. ती एक खाजगी नोंदवही आहे. परदेशी पाहुण्यांना गोव्यात किंवा ऋषिकेशला शिकवायचं असेल तर तिचा उपयोग होतो. शहापुरातल्या बायकांना त्यानं काडीचा फरक पडत नाही. आपल्याकडं योग शिकवायला कुठला सरकारी परवाना लागत नाही. मात्र आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग सर्टिफिकेशन बोर्ड आहे, ते लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतं. पायऱ्या आहेत: प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, मग वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यापुढं टीचर अँड इव्हॅल्युएटर, मग मास्टर. शाळा, सरकारी आरोग्य केंद्रं अशा ठिकाणी मानधनावर शिकवायचा विचार असेल तर हा कागद जास्त कामाचा. अभ्यासक्रम बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि नोकरी न सोडता घरी बसून त्याची बरीच तयारी होते. नीट शिकायचं तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली काढलेलं. योगाची तपासणी प्रयोगशाळेत करणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांतलं ते. नाशिकचं योग विद्या धामही आहे. दोन्हीकडं थेट चौकशी करा, लहान मुदतीचं काय आहे ते विचारा.

कुठलाही कोर्स घ्यायच्या आधी फोनवर हे विचारा: शिकवणारे कोण, तेच शेवटपर्यंत शिकवतील की पहिले दोन दिवस दर्शन देऊन जातील? नवख्या माणसांवर प्रत्यक्ष वर्ग घ्यायला किती वेळा मिळेल? बरेचसे कोर्स विद्यार्थ्यांनी एकमेकांनाच शिकवण्यावर भागवतात. म्हणजे पोहता येणाऱ्यांनी पोहता येणाऱ्यांना बुडण्यापासून वाचवायचं. शरीररचना कोण शिकवणार? मधेच सोडावं लागलं तर फी परत मिळते का? समोरचा ह्यातल्या पहिल्याच प्रश्नाला 'मॅडम, आज भरलं तर दहा टक्के सूट' म्हणाला तर फोन ठेवून द्या.

पैशांकडं येते. 'विद्या विकणं' हा शब्द तुम्हाला कुणी दिला ठाऊक नाही, पण तो मला नेहमी अशाच लोकांच्या तोंडी ऐकू येतो ज्यांचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरतं. तुमचे सर पैसे घेत नाहीत ही त्यांची थोरवी खरी. त्यांना पेन्शनही आहे. तुम्ही फुकट शिकवायचं ठरवलंत तर ते साडेसोळा हजारांच्या जिवावर शिकवाल, आणि तोच पगार सोडायचा म्हणता. हे गणित मला जुळलं नाही. फी घ्या. दहा बायका, महिना सहाशे, म्हणजे सहा हजार. हॉलचं भाडं, वीज, दोन चटया जास्तीच्या, म्हणून दोन हजार वजा करा. चार हजार उरले. त्यातही आषाढात निम्म्या, गणपतीत सगळ्या गायब, मे महिन्यात माहेरी. 21 जूनला, योगदिनाला मात्र मैदानं भरतात, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. 22 जूनला तुमच्या दारात किती जणी असतात ते बघा. पगाराएवढं उत्पन्न व्हायला अशा चार-पाच तुकड्या लागतील, आणि दिवसाला चार तुकड्या घेणाऱ्या बाईची स्वतःची साधना पहिल्या दोन महिन्यांतच बंद पडते. मी तशा दोघी-तिघी जवळून बघितल्यात. गळा बसलेला, कंबर पुन्हा धरलेली, 'श्वास घ्या, श्वास सोडा' म्हणताना स्वतःचा श्वास कुठं आहे ठाऊक नाही.

ज्यांना फी खरंच झेपत नाही त्यांच्यासाठी दोन जागा फुकट ठेवा. कुणाच्या ते तुमचं तुम्हाला ठाऊक, वर्गात सांगायचं नाही.

यजमानांच्या टोमण्यावर चिडू नका. ते चेष्टेत बोलले, पण त्यांच्या डोक्यात साडेसोळा हजार आणि मुलीची पुढची फी असणार. हे त्यांना सरळ विचारा. आणि घरातल्यांना शिकवायला मात्र जाऊ नका. नवऱ्याला पद्मासन शिकवण्यापेक्षा अख्ख्या शहापूरला शिकवणं सोपं.

तर राजीनामा पर्समधून काढून कपाटात ठेवा. फाडू नका, त्याचं काम पुढं पडेलही. सर परत आलेत, त्यांच्याकडं जा आणि तीन महिने मदतनीस म्हणून मागा. त्या तीन महिन्यांत वर्गात तुम्ही आसनं करायची नाहीत. नुसतं फिरायचं आणि बघायचं. हे वाटतं त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, पहिल्या आठवड्यात आपले हात कुठं ठेवावेत तेच कळणार नाही. रोज घरी येऊन एकीबद्दल चार ओळी लिहा: डावा खांदा वर, श्वास तोंडानं, त्रिकोणासनात गुडघा आत पडतो. तुमचा स्वतःचा सराव वर्गाआधी उरकायचा, आणि तो कुणाची तरी विद्यार्थिनी म्हणूनच, आयुष्यभर.

दिवाळी झाली की स्वतःची एकच तुकडी काढा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा ते सात, म्हणजे नोकरीला धक्का नाही. जागेसाठी गल्लीतल्या पंचांना विचारा. देवळाचा सभामंडप सकाळी रिकामाच असतो, काकड्याचे दिवस तेवढे सांभाळायचे. दहापेक्षा जास्त घेऊ नका. पहिल्या दिवशी आसन नाही. वहीत प्रत्येकीचं वय, बीपी, साखर, झालेली ऑपरेशनं, चालू गोळ्या, दिवस गेलेत का, हे एकेकीला बाजूला घेऊन विचारा. चारचौघींत विचारलंत तर खरं सांगायच्या नाहीत. महिन्यातून एकदा पूर्ण वर्ग आसन करून न दाखवता नुसत्या बोलण्यावर घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐका. आपला आवाज ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होतं, मलाही झालं होतं. पण आपण किती अनावश्यक बोलतो ते त्याशिवाय कळत नाही.

सहा महिन्यांनी, साधारण अक्षय तृतीयेच्या सुमाराला, मला पुन्हा लिहा. राजीनाम्याचं तेव्हा बोलू. तुमच्याकडं किती जणी टिकल्या ते लिहिलं नाहीत तरी चालेल. कोण यायची थांबली आणि का थांबली, ते नावानिशी वहीत मांडून ठेवा आणि त्यातल्या दोघींचं मला सविस्तर कळवा. आणि हो, त्या काकूंना डॉक्टर काय म्हणाले ते मात्र अक्षय तृतीयेची वाट न बघता ह्याच आठवड्यात, पोस्टकार्डावर का होईना.